हैबती वाढप्याची चांगली रात्र

एका गावात एक भोळा वाढपी होता. गावाचं नाव माळटेक, वाढप्याचं नाव हैबती. भोळा किती, तर एकदा शेजारी म्हणाला, "हैबती, जरा म्हशीवर नजर ठेव." हा दिवस मावळेपर्यंत म्हशीकडे डोळे लावून बसला, आणि त्याच्या पाठीमागून रेडकू सुटून गेलं ते त्याला दिसलं नाही. शेजारी ओरडला तर म्हणाला, "रेडकाचं कोन बोललं हुतं?"

खोटं नव्हतं. रेडकाचं कोणी बोललं नव्हतं. सांगणारे अर्धंच सांगतात आणि ऐकणाऱ्याला वेडा म्हणतात.

पण वाढायला हैबतीसारखा गडी आसपासच्या गावांत नव्हता. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, बोलावणं आधी हैबतीला. भाताची मूद पडायची ती पत्रावळीच्या मधोमध. वरण कधी मिठाकडे धावलं नाही. आणि आग्रह असा करायचा की पाहुण्याला घरी चालत जाता येऊ नये. त्याचे नेम दोन. सगळ्यांचं झाल्याबिगर वाढप्यानं बसायचं नाही. आणि आपल्या घरच्या माणसाच्या पानात आधी वाढायचं नाही, लोक म्हणतात हात घराकडे वळला. हे दोन्ही नेम त्याला बापानं सांगितले होते. बाप गेला, नेम राहिले.

त्या नेमांत भरडली गेली ती त्याची बायको, कौसा. गावात लग्न कुणाचंही असो, कौसा मांडवामागं चुलीपाशी. आधी पुरुषांची पंगत, मग पोरासोरांची, मग पाहुण्या बायकांची, आणि शेवटी राबणाऱ्या बायकांची. तोवर भात गार, भाजीत नुसता रस्सा, आणि जिलेबीच्या ताटात पाक. घरीही तेच. सगळ्यांना वाढून झालं की चुलीसमोर बसून उरलंसुरलं. जन्मात एकदाही तिनं पाटावर बसून, दुसऱ्यानं वाढलेलं, गरम असं खाल्लं नव्हतं. तक्रार करणारी बाई नव्हती. एकदाच लेकीपाशी बोलून गेली, तेही हसत. लेकीनं ते मनात धरलं.

लेक शालन मुंबईला दवाखान्यात नर्स. तिनं आईबापाला बोटीची तिकिटं काढून दिली. मुंबईहून निघायचं, चार रात्री समुद्रात काढायच्या, मधे एक बेट बघायचं आणि परत मुंबईला यायचं. बोट म्हणजे आपली नाव नव्हे. गावातली सगळी घरं एकावर एक रचली तरी तेवढी उंच होणार नाहीत. त्या बोटीत खाली एक मोठी खानावळ होती. तिथं ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपलं आपण वाढून घ्यायचं. अगदी वरच्या मजल्यावर दुसरी होती, खास. तिथं मोजकी टेबलं, पांढऱ्या कोटातले वाढपी. माणसानं नुसतं बसायचं. शालननं त्या खास खानावळीची एक चिठ्ठी घेऊन दिली होती. दोघांची, एका रात्रीची. चारांतली कुठली रात्र ते बोटीवर सांगायचं आणि टेबल धरायचं.

धक्क्यावर निरोप देताना शालन बापाला म्हणाली, "बा, हे जेवण आईसाठी हाय बरं. एकदा तिला बसू द्या. एकदा तिला कुणीतरी वाढू द्या. आणि कसलीबी रात्र घेऊ नका. चांगली रात्र बघून घ्या."

"बघून घेतो," हैबती म्हणाला.

दुसऱ्या कोणाला एवढं पुरलं असतं.

बोट सुटली तशी कौसानं त्याला चिठ्ठी देऊन टेबल धरायला पाठवलं. काउंटरवर विशाखा नावाची पोरगी होती. रत्नागिरीकडची, त्यामुळे मराठी बोलायची.

"काका, आजचीच रात्र घ्या," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी लोक बोट बघत हिंडतात. वरती कोणी येत नाही. निवांत जेवाल."

"आजची चांगली हाय का?"

"चांगलीच आहे की."

"बघून घ्यायची हाय," हैबती म्हणाला, आणि वरच्या गच्चीवर गेला.

तिथं ऊन होतं. रात्र कुठंच दिसेना. मग तो एका खांबाला टेकून उभा राहिला. ऊन उतरलं. लोक चहा पिऊन गेले. सूर्य पाण्यात गेला. हैबती हलला नाही. अंधार पडला तसं त्यानं आभाळ बघितलं, ढग नव्हता. वारा बघितला, बेताचा होता. चांदण्या बघितल्या, भरपूर होत्या. रात्रीत त्याला काही खोट सापडेना. तेव्हा तो खाली आला.

"बघितली," तो विशाखाला म्हणाला. "चांगली हाय. द्या."

"काका, आता कुठली देऊ? मघाशीच टेबलं धरायची वेळ संपली."

"पर रात तर आत्ता आली."

काउंटरवर नाना तऱ्हेची माणसं येतात, पण असली विशाखानं बघितली नव्हती.

त्या रात्री दोघं खालच्या खानावळीत रांगेत उभी राहिली. हैबतीनं रांगेतल्या सगळ्यांना पुढं जाऊ दिलं, कारण सगळ्यांचं झाल्याबिगर वाढप्यानं घ्यायचं नाही. रांग संपेना. शेवटी कौसानं दोघांपुरता गार भात घेतला.

खोलीत आल्यावर ती म्हणाली, "अवं, समोरच्यानं काय इच्यारलं तर बघत बसू नये. आधी व्हय म्हनावं. तोंडातनं व्हय निघालं की काम झालं."

"आधी व्हय," हैबती म्हणाला, आणि झोपेपर्यंत तेच घोकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तो काउंटरवर गेला.

"काका, आज रात्रीचं टेबल देऊ?" विशाखानं विचारलं.

"व्हय."

झालं. टेबल मिळालं. हैबतीला इतका आनंद झाला की तो बोटभर हिंडायला निघाला.

गच्चीवर एक बाई म्हणाली, "ही खुर्ची मी घेऊ?" हैबती तिच्यावर बसलेला होता. "व्हय," म्हणाला आणि उभा राहिला. एका पोरानं विचारलं, "आजोबा, तुमची टोपी घालून फोटो काढू?" "व्हय." टोपी गेली ती संध्याकाळपर्यंत बोटभर फिरत होती. पुढं न्हाव्याचं दुकान लागलं. काचेचं, आतनं गार. दारातला पोरगा म्हणाला, "या साहेब, बसा. दाढी?" "व्हय." दाढी झाली. पोरानं मान तिरकी करून बघितलं आणि ओठावर बोट ठेवून म्हणाला, "ही पण काढू?"

"व्हय."

तीस वर्षांची मिशी होती. पंगतीत वाढताना लोक मिशीवरनं हैबतीला ओळखायचे.

तो खोलीत आला तर कौसानं दार लावून घेतलं. परका पुरुष समजली. आवाजावरनं उघडलं.

"कुठं गेली?" तिनं विचारलं.

"इच्यारलं त्यानं."

संध्याकाळ जवळ आली होती, आणि आज जेवायचं होतं. कौसानं ठेवणीतलं हिरवं इरकल काढलं, नाकात नथ घातली. एवढ्यात खोलीतला फोन वाजला. हैबतीनं उचलला. वरच्या खानावळीतला माणूस होता.

"काका, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाला आज पन्नास वर्षं झाली. त्यांना टेबल नाही मिळालं. तुमचं दिलं तर चालेल का?"

"व्हय," हैबती म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हनत हुता?" कौसानं विचारलं.

"कुनाच्या तरी लग्नाला पन्नास वर्सं झाली."

"चांगलं झालं की," कौसा म्हणाली, आणि दोघं वर गेली.

त्यांच्या टेबलावर म्हातारा म्हातारी बसलेली. म्हातारी वाफाळतं सूप फुंकून पीत होती. कौसा दारातनं त्या वाफेकडे बघत राहिली. दारावरचा माणूस म्हणाला, "काकी, तुमच्याच माणसानं हो म्हटलंय."

कौसानं नवऱ्याकडे बघितलं.

"तोंडातनं व्हय निघालं की काम झालं, असं तूच म्हनलीस," हैबती म्हणाला. "झालं त्यांचं काम."

पुन्हा खालची रांग, पुन्हा गार भात. जेवता जेवता कौसानं दुसरा धडा दिला. "हे बघा, आपली जागा ती आपली. एकदा बसलं की बसलं. कुनी ऊठ म्हनू दे, पाया पडू दे, राजा येऊ दे. आपली जागा सोडायची न्हाई."

"सोडायची न्हाई," हैबती म्हणाला.

तिसऱ्या दिवशीचं टेबल तिनं स्वतः जाऊन धरलं. विशाखा म्हणाली, "काकी, आज बोट बेटापाशी थांबणार. लोक उन्हात हिंडून दमून येतात आणि खालीच खाऊन झोपतात. वरती शांतता असते. फक्त वेळेवर या." कौसानं मान डोलावली. चिठ्ठी दाखवल्याशिवाय वर बसू देत नव्हते, आणि ती मात्र हैबतीच्या खिशातच राहिली. तेवढं तिचं चुकलं.

बेटाजवळ पाणी उथळ, म्हणून मोठी बोट लांब उभी राहिली आणि बेटावरच्या होड्या माणसं नेऊ आणू लागल्या. दोघांनी बेट बघितलं. वाळू होती, नारळ होते. हैबती म्हणाला, नारळ आपल्याकडं बी हायत. परतीच्या होडीत त्याला पुढची फळी मिळाली. मऊ रबर घातलेली, वर सावली. तो ऐसपैस बसला.

होडी बोटीला लागली. लोक शिडीनं वर चढले. कौसाही पदर खोचून चढली. वळून बघते तर हैबती होडीतच.

"या की वर," ती म्हणाली.

हैबती फळी धरून बसला. नावाडी त्याच्याशी आपल्या भाषेत काहीतरी बोलला. भाषा कळली नाही, पण ऊठ म्हणतोय एवढं कळलं.

"ही माझी जागा हाय," हैबती म्हणाला.

नावाड्यानं हात जोडले. हैबतीला वाटलं, कौसा म्हणाली होती तसंच होतंय. पाया पडू दे. तो आणखी रेलून बसला. बेटावर माणसं खोळंबली होती, म्हणून नावाडी त्याला तसाच घेऊन परत गेला. माणसं भरली, होडी बोटीला लागली, माणसं चढली, हैबती बसलेला. होडी परत गेली. पुन्हा आली. पुन्हा हैबती. वरचे लोक कठड्याला टेकून मजा बघायला लागले. एक पोरगं त्याला दर खेपेला हात हलवून टाटा करायचं. हैबतीही करायचा.

शेवटची खेप झाली. नावाड्याची घरी जायची वेळ. तो बेटावर गेला, होडी वाळूवर ओढली, दोर बांधला आणि हैबतीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हैबती वाळूवर, होडीत, आपल्या जागेवर.

इकडे बोटीनं भोंगा दिला. वरच्या खानावळीतल्या टेबलाची वेळ झाली. कौसा काउंटरवर विशाखापाशी उभी. "तुझ्याकडं त्या होडीवाल्याचा फोन हाय का गं?" होता. विशाखानं लावला. नावाड्यानं फोन हैबतीच्या कानाला धरला.

कौसा ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अवं, हितं खोलीत तुमच्या पलंगावर दुसरंच कोनतरी बसलंय."

हैबती ताडकन उठला. "ती बी माझी जागा हाय," म्हणाला आणि स्वतःच होडी पाण्यात ढकलायला लागला.

बोटीवर पोचेपर्यंत वरच्या खानावळीत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या. खालच्या खानावळीत पाव उरला होता. शालनचा फोन आला. "आई, जेवलीस का गं वरती?"

"जेवनार की उद्या," कौसा म्हणाली. "सारखं काय इच्यारतीस." आणि पाव चहात बुडवून खाल्ला.

झोपताना तिनं तिसरा धडा दिला. "जगात सगळी मानसं काय करत्यात ते बघावं. ती उठली की उठावं, बसली की बसावं. म्होरचा करील तसं करावं. आपली अक्कल लावू नये."

"म्होरचा करील तसं," हैबती म्हणाला. हे त्याला पटलं. अक्कल लावायची त्याला हौस कधीच नव्हती.

चौथी रात्र शेवटची. विशाखा म्हणाली, "काकी, शेवटच्या रात्री वरती झुंबड असते. ज्यांचं राहिलंय ते सगळे आजच येतात. त्यात आमचे दोन वाढपी बोट लागून पडलेत. पण तुमचं टेबल मी धरलंय. कोणी आलं तरी देणार नाही." कौसानं तिच्या गालावरनं हात फिरवला. चिठ्ठी हैबतीच्या खिशातनं काढून मुठीत धरली. इरकल दुपारीच नेसली आणि पलंगावर ताठ बसून राहिली. आज काही चुकायला जागाच ठेवायची नव्हती.

हैबती पाय मोकळे करायला बाहेर गेला. बघतो तर प्रत्येक माणूस आपल्या खोलीच्या दारात बॅग आणून ठेवतोय. शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या, बोटीची माणसं त्या गोळा करतात आणि सकाळी धक्क्यावर देतात, अशी तिथली रीत. हैबतीला रीत ठाऊक नव्हती, पण पुढचा काय करतोय ते दिसत होतं. तो आत आला, खुंटीवरचं धोतर, सदरा, कोट सगळं बॅगेत कोंबलं. समोरच्या खोलीतल्या माणसाची बॅग गच्च भरलेली होती, म्हणून यानं अंगातला सदराही काढून घातला. बॅग बाहेर ठेवली, ती बोटीच्या माणसांनी नेलीही. कौसाचा डोळा लागला होता. ती जागी झाली तर नवरा बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत.

"कापडं कुठं हायत?"

"सगळ्यांची गेली. आपली बी गेली."

कौसा जागेवरनं उठली नाही. उठली असती तर काहीतरी फेकून मारलं असतं. तिनं खोली झाडणाऱ्या पोराला हाक मारली. पोरगा भला. तो धावत गेला आणि एक काळी विजार नि पांढरा कोट घेऊन आला. "एवढंच मिळालं काकी. वाढप्याचा आहे. बरोबर बसेल."

बरोबर बसला. अंगात पांढरा कोट, ओठावर मिशी नाही. दोघं वर गेली.

आणि टेबल होतं. खिडकीपाशी, पांढरी चादर घातलेलं, मधे मेणबत्ती. एका माणसानं कौसाची खुर्ची मागं ओढून दिली. कौसाला आधी कळेना की ओढली कशाला. मग ती बसली. पदर सावरला, हात मांडीवर ठेवले. खानावळ भरून ओसंडत होती. आतनं तुपात परतलेल्या मासळीचा वास येत होता. तो वास आज तिच्यासाठी होता.

"बसा वो," ती हळू आवाजात म्हणाली. "आनि आता काय करू नका. म्होरचा करील तसं करा."

हैबतीनं समोर बघितलं. समोर एक पांढरा कोटवाला दोन्ही हातांत ताटल्या घेऊन चालला होता.

हैबती उठला आणि त्याच्या मागनं गेला.

पुढच्यानं ताटल्या ठेवल्या, यानं रिकाम्या उचलल्या. पुढचा आत गेला, हाही गेला. तिथं घामाघूम झालेला मुख्य वाढपी होता. त्यानं पांढरा कोट बघितला, वर बघायला त्याला सवड कुठली. मासळीची परात हैबतीच्या हातात दिली आणि म्हणाला, "आलास? लवकर. आठवं टेबल."

आता हातात परात आली म्हटल्यावर हैबतीला शिकवायची गरज नव्हती. तो टेबलाटेबलातनं असा सुटला की बाकीचे वाढपी बघत राहिले. प्रत्येकाच्या ताटलीत मासळी मधोमध. आणि वर आग्रह. "घ्या की पाव्हणं. एक तरी. आमच्यासाठी." दिल्लीकडचा एक जाडा माणूस नको नको म्हणत ताटलीवर हात आडवा धरत होता, हैबतीनं त्याच्या हातावर मासळी ठेवली. एक बाई हसून हसून लाल झाली. असं जेवण तिथं कोणी जेवलं नव्हतं. लोक पुन्हा पुन्हा मागायला लागले.

कौसा हे बघत होती. तिच्यासमोर एका वाढप्यानं ताटली आणून ठेवली. वाफाळती मासळी, वर तूप चमकत होतं, बाजूला लिंबाची फोड. तिनं हात पुढं केला.

एवढ्यात हैबती आला. त्याची परात रिकामी झाली होती आणि शेजारच्या टेबलावर एक पाहुणा अर्धपोटी होता. त्यानं बायकोच्या समोरची ताटली उचलली.

"अवं," कौसा दबक्या आवाजात म्हणाली.

"आपलं मागनं, कौसे," हैबती म्हणाला. "घरच्या पानात आधी वाढलं की लोक नावं ठेवत्यात."

कौसानं डोळे वटारले. त्याला वाटलं, ती डोळ्यांनी मागचं टेबल दाखवतेय, म्हणून त्यानं तिकडंही मासळी नेली.

शेवटी मासळी संपली. आतली चूल बंद झाली. लोक तृप्त होऊन, पोटावर हात फिरवत गेले. मुख्य वाढपी म्हणाला, "अशी रात्र कधी गेली नाही. कुठून आलास रे तू?"

"माळटेकवरनं," हैबती म्हणाला. मग परात पालथी घातली, हात पुसले आणि कौसापुढं येऊन उभा राहिला. "झालं सगळ्यांचं. आता बसू."

तिच्यापुढं तेवढी लिंबाची फोड उरली होती. ताटली उचलताना टेबलावर पडलेली. कौसानं ती उचलली आणि चोखली.

मुंबईच्या धक्क्यावर शालन आली होती. "आई, कसं झालं जेवण?"

"लई झ्याक," कौसा म्हणाली. "बानं तर सगळ्या बोटीला नाचवलं." लेकीनं एवढं मन लावून दिलं, तिला काय सांगायचं.

गावाकडच्या एसटीत मात्र ती खिडकीकडं तोंड करून बसली. हैबतीनं शेंगदाणे पुढं केले, घेतले नाहीत. पाणी दिलं, प्यायली नाही. शेवटी घाट चढताना ती त्याच्याकडं न बघता बोलली. चौथा धडा होता, पण ह्या वेळी ती शिकवत नव्हती. नुसतं बोलली.

"आधी माझ्या पानात वाढायचं हुतं. मग जगाच्या. एकदा तरी."

"आधी तुझ्या पानात. मग जगाच्या," हैबती म्हणाला.

"आता काय उपेग?" कौसा म्हणाली.

महिना गेला. हैबतीची मिशी थोडी थोडी आली. गावच्या पोलीस पाटलाच्या पोरीचं लग्न निघालं. मुलाकडचं वऱ्हाड मोठं, मानपानाचं. वरबाप असा की मांडवात पाऊल टाकल्यापासून नाक मुरडत होता. हार बारका आणला, पाणी कोमट आणलं. पाटील घामेजून गेला होता. त्यानं हैबतीला बाजूला घेतलं.

"हैबती, माझी अब्रू तुझ्या हातात. संध्याकाळची पंगत हाय. मुलाकडच्यांची पहिली. जिलेबी कढईतनं निघाली की गरम गरम आधी वाढायची. ज्येचा मान त्येला. कळलं?"

"कळलं," हैबती म्हणाला.

पंगत बसली. मधोमध वरबाप, दोन्ही बाजूंना त्याचे भाऊ, मेहुणे, टोप्या, फेटे. पत्रावळी मांडल्या, पाणी फिरलं. आतनं जिलेबीचा वास आला तसा वरबापाचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. हैबती गरम जिलेबीचं ताट घेऊन बाहेर आला. पाटलानं सुटकेचा श्वास टाकला.

हैबती वरबापाच्या समोर आला. आणि तसाच पुढं गेला.

भावांसमोरनं गेला, मेहुण्यांसमोरनं गेला. मांडव ओलांडून मागं चुलीपाशी गेला. तिथं बायका भांडी घासत होत्या, कौसाचे हात कोपरापर्यंत राखेत. त्यानं एक पाट आणून ठेवला. पत्रावळ मांडली. "हात धू," म्हणाला.

"काय झालं?"

"बस."

ती बसली, कारण तिला वाटलं कोणाला तरी भोवळ आली असेल आणि ती बहुधा आपल्यालाच. त्यानं मीठ वाढलं, लिंबू वाढलं, कोशिंबीर, भाजी. भाताची मूद मधोमध, वर वरण, वर तूप. आणि पहिली जिलेबी, कढईतली, पाकानं तटतटलेली, तिच्या पानात.

पंगतीत कोणाच्या पानात अजून मीठ पडलं नव्हतं.

"खा," हैबती म्हणाला. "गार हुईल."

लग्नाला शालनही आली होती. ती आईशेजारी टेकली. "आई, बोटीवर बी असंच वाढलं हुतं का गं?"

"तिथं लिंबू हुतं," कौसा म्हणाली आणि जिलेबी मोडली. आतनं वाफ निघाली.

मांडवात कुजबुज झाली. मग कुजबुज राहिली नाही, आवाज चढला. वरबाप पानावरनं अर्धा उठला. पाटील धोतर सावरत मागं धावला.

"हैबत्या, अरं मुलाकडची मानसं उपाशी बसल्यात. ते ताट आन इकडं."

"हिचं हुंदे," हैबती म्हणाला. "मग जगाचं."

वरबाप पाटलाच्या मागोमाग आला. मागं सगळं वऱ्हाड. त्यांनी बघितलं, पाटावर एक बाई बसलीय, हाताला कोपराशी राख राहिलेली, डोळे मिटून जेवतेय, आणि समोर वाढपी ताट घेऊन ताठ उभा. असा थाट वरबापानं कोणा मोठ्या माणसाचाच बघितला होता. त्याचा आवाज आपोआप उतरला.

"ह्या कोण बाई?" त्यानं विचारलं. "एवढ्या मानाच्या. आमच्याकडच्या तर नाहीत. मुलीकडच्या का?"

"न्हाई," हैबती म्हणाला. "माझ्याकडच्या."

वरबाप पाटलाकडं बघतोय, पाटील आभाळाकडं. लग्न राहतंय की मोडतंय ते कोणालाच कळेना. कौसानं डोळे उघडले. सगळं वऱ्हाड, सगळं गाव, फेट्या-टोप्यांसकट तिच्यासमोर उभं होतं. ती घाईनं उठेल असं सगळ्यांना वाटलं. जन्मभर उठत आली होती.

तिनं पत्रावळीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

"अजून एक जिलेबी वाढा," ती म्हणाली.

हैबतीनं वाढली. वर आग्रह करून दुसरीही वाढली. आणि वऱ्हाड तिचं होईपर्यंत थांबलं.